उत्तरेकडचा दीपस्तंभ

प्रिय फूटपट्टी,

ग्राफिक्स कार्ड बदलावं की बदलू नये, एवढ्याशा प्रश्नासाठी कोणी पत्र लिहितं का, असं तू म्हणशील. त्याच्याही आधी तू दुसरंच काहीतरी म्हणशील, ते मला इथे बसून ऐकू येतंय. अरे भिंगरी, कार्ड तर तू मागच्या वर्षीच बदललंस ना? त्या प्रश्नाकडे मी येणार आहे, पण लगेच नाही. मला जरा फिरून येऊ दे. सरळ रेषेत चालणं हे तुझं काम, माझं नव्हे. हे पत्र वहिनीच वाचून दाखवणार हे मला ठाऊक आहे. तुझ्या फोनमधली ती यंत्रातली बाई निरोप वाचते तेव्हा प्रेमपत्रसुद्धा विजेच्या बिलासारखं वाटतं, असं तूच म्हणाला होतास, म्हणून कागद घेतला. वहिनी, माझं अक्षर तुम्हाला तुमच्या लग्नाच्या पत्रिकांवर पत्ते लिहिले तेव्हापासून माहीत आहे. जिथे लागणार नाही तिथे थांबा, अंदाज करा, पण कृपा करून काही गाळू नका. पुढे पुढे गाळावंसं वाटेल.

गेले तीन आठवडे माझं चित्त थाऱ्यावर नाही. जेवताना उठतो, उठून पाणी पितो, पाणी पिऊन कशासाठी उठलो ते आठवत उभा राहतो. बायको म्हणते, तुझ्या पायाला भिंगरी होतीच, आता ती डोक्यात गेली. कामावरही तेच. गेल्या मंगळवारी त्या सात मजली ऑफिसच्या लिफ्टची तपासणी होती. गच्चीवरच्या यंत्राच्या खोलीत गेलो, मुख्य बटण बंद केलं, दोरांना हात लावून बघितला आणि मग तिथेच खोक्यावर बसून घरच्या संगणकाच्या डब्यात किती सेंटीमीटर जागा उरते याचा हिशेब करत राहिलो. खाली "लिफ्ट बंद आहे" ची पाटी लावायला विसरलो होतो. चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये एक बाई फायली घेऊन अर्धा तास अडकून होत्या. दार उघडलं तेव्हा त्या म्हणाल्या, अहो, मी तिथूनच निवृत्त होणार असं वाटायला लागलं होतं. बावीस वर्षांच्या नोकरीत असं कधी झालं नव्हतं. साहेब ओरडले असते तर बरं वाटलं असतं. ते काळजीने म्हणाले, घरी सगळं ठीक आहे ना?

घरी सगळं ठीक आहे. फक्त तो डबा टेबलाखाली बसलाय आणि माझ्याकडे बघतोय. नऊ वर्षं झाली रे त्याला. तुझ्या जुन्या घरातल्या जेवणाच्या टेबलावर आपण दोघांनी तो जोडला होता, आठवतं? तू माहितीपुस्तिका पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलीस, "सुरक्षिततेच्या सूचना" सुद्धा, आणि मी तोवर दोन स्क्रू हरवले. एक सापडला, एक आतच कुठेतरी आहे; डबा तिरका केला की अजून वाजतो. प्रत्येक भाग बसवण्याआधी तू तो मोजत होतास. मी म्हणालो, अरे कारखान्यात मोजलाय त्यांनी. तू म्हणालास, त्यांनी मोजलाय, मी कुठे मोजलाय? शाळेत तुझं नाव फूटपट्टी पडलं ते तू काडीसारखा होतास म्हणून, पण पुढे जमिनी मोजायच्या खात्यात लागलास आणि नाव सार्थ केलंस. ज्या दिवशी ते कार्ड बसलं आणि पडद्यावर पहिल्यांदा पाऊस पडला, म्हणजे गेममधला पाऊस, त्या दिवशी आपण दोघं पस्तिशी ओलांडलेले बाप्ये एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होतो आणि वहिनी दारात उभ्या राहून विचारत होत्या की मूल कोणाला झालं.

मग तुझी नजर कडेकडेने जायला लागली. आधी दाराच्या चौकटींना खांदे लागले. मग मोजणीच्या वेळी साखळीचं दुसरं टोक दिसेना. खात्याने तुला शेतांवरून काढून टेबलावर बसवलं आणि टेबलावरून घरी. त्यातच वहिनींची बदली झाली आणि तुम्ही दोघं दुसऱ्या गावाला गेलात. स्टेशनवर तुला सोडायला आलो तेव्हा मी फार विनोद केले, ते अजून आठवले की लाज वाटते. मला वाटलं, आता संपलं आपलं. डोळ्यांशिवाय गेम खेळायचा कसा, आणि गेमशिवाय आपण दोघं बोलणार काय? पण दुसऱ्याच रविवारी चार वाजता तुझा फोन. म्हणालास, दरीचा तो नवा भाग आलाय ना, तू खेळ, मी ऐकतो. मला एका जागी दोन तास बसवणं माझ्या आईला जमलं नव्हतं, मास्तरांना जमलं नव्हतं. तुला जमलं. सव्वा वर्षात मी मोजून चार रविवार चुकवले असतील, त्यातले दोन गेल्या तीन आठवड्यांतले.

आणि ऐकणं म्हणजे तरी काय! मी म्हणायचो, समोर डोंगर आहे. तू म्हणणार, किती बोटं उंच? हात लांब कर, पडद्यासमोर बोटं आडवी धर आणि मोज. मी म्हणायचो, झाड आहे. कुठल्या हाताला? पाऊलवाट आहे. किती पावलं? मी पडद्यापुढे हात लांब करून उभा आणि मागून लांडगे येऊन मला फाडून खातायत, असं निदान वीसेक वेळा झालंय. तू म्हणायचास, मेलास तर मेलास, आधी आकडा सांग. लढाया, खजिने, तलवारी सगळं बाजूला पडलं. लोक तो गेम जिंकायला घेतात, आपण तो मोजायला घेतला. मला मनापासून सांगायचंय की इतका आनंद मला तलवारीने कधीच झाला नव्हता.

आणि ते सगळं मांडायला तू केलेला तो फळा तर सुरुवातीला मला थट्टाच वाटला होता. वहिनींनी फोटो पाठवला तेव्हा मी तो मोठा करकरून बघितला. बुचाच्या पाट्यावर दोऱ्याची नदी, सँडपेपरचे डोंगर, पाण्याच्या जागी गुळगुळीत प्लास्टिक, घरांना शर्टाची बटणं, आणि प्रत्येक महत्त्वाच्या जागी टाचणी. एकतीस टाचण्या. तुझी बोटं त्यावर अशी ठेवलेली, जणू तू खिडकीत उभा राहून बाहेर बघतोयस. मग तू ज्या शाळेत ठिपक्यांची लिपी शिकायला जातोस तिथल्या मुख्याध्यापिकाबाईंनी तो फळा बघितला आणि विचारलं, आमच्या विद्यार्थ्यांना हाताने नकाशा वाचायला शिकवाल का, पगारी. त्या दिवशी फोनवर तुझा आवाज मोजणीवर असतानाचा होता. वीस तारखेला परीक्षा. तिथला एक डोळस शिक्षक मोठ्या पडद्यावर आपला गेम उघडणार, आणि सहा विद्यार्थी तुझ्या फळ्यावर बोटं फिरवून त्याला वाट सांगणार: इथून डावीकडे, शंभर पावलांवर पूल, पुढे पाणचक्की. संचालक मंडळ मागे बसून बघणार. ठरल्या जागी तो पोहोचला तर नोकरी तुझी. नदीत पडला तर नाही. खात्याने घरी बसवल्यापासून तू कोणाला दाखवलं नाहीस, पण मला माहीत आहे की या नोकरीवर तुझा जीव टांगलेला आहे.

तीन आठवड्यांपूर्वी तू म्हणालास, आता एकच काम राहिलं. उत्तरेकडचा किनारा एकदा नीट तपासून दे. तुझ्या नव्या कार्डावर सगळं लख्ख दिसतं, तेव्हा एकदा त्या दीपस्तंभापर्यंत चालत जा आणि पावलं मोजून सांग.

फूटपट्टी, नवं कार्ड नाही. कधीच नव्हतं.

टेबलाखाली तेच आहे, नऊ वर्षांपूर्वी तू मोजून बसवलेलं. गेम चालावा म्हणून मी त्याच्यातलं सगळं बंद करून ठेवलंय. गवत बंद, सावल्या बंद, ढग बंद. तरी पंखा असा ओरडतो की शेजारच्या काकू भिंतीवर थाप मारून विचारतात, दळण चालू आहे का. आणि दोनशे पावलांच्या पुढे सगळीकडे पांढरं धुकं. डोंगर जवळ गेल्यावरच उगवतो. उत्तरेला पाण्याजवळ गेलो की चित्र अडखळतं, थिजतं आणि डबा मुकाट्याने बंद पडतो. तो किनारा मी आजवर पाहिलेला नाही. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

नवं कार्ड घेतलं असं मी म्हणालो तो दिवस तुलाही आठवत असेल. तू डॉक्टरांकडून आला होतास. मधोमध जेवढी नजर शिल्लक आहे तीही राहणार नाही, असं त्यांनी सांगितलं होतं. मला तू ते फोन लागल्यावर पाच मिनिटांनी सांगितलंस, हवापाण्याच्या बातमीसारखं. मग गप्प झालास. मी धुक्यात उभा होतो, मला काही दिसत नव्हतं, आणि तू म्हणालास, राहू दे भिंगरी, बंद करू हे. तुझ्या त्या जुन्या कार्डावर धुक्याशिवाय काय दिसणार, मला माहीत नाही का? उगाच माझ्यासाठी रविवार घालवू नकोस.  तू गेम बंद करायचं म्हणत नव्हतास, एवढं मला कळत होतं. म्हणून मी म्हणालो, अरे, सांगायचं राहिलं, मी कार्ड बदललं. तू म्हणालास, खरंच? मग काय दिसतं उत्तरेला? आणि माझ्या तोंडून निघून गेलं: दीपस्तंभ. पांढरा, वर तांबडा पट्टा, पाण्यापलीकडे एकटाच. तू म्हणालास, किती अंशावर? मी होकायंत्राच्या पट्टीकडे बघून म्हणालो, तीनशे अठ्ठेचाळीस. पलीकडून दोरा तोडल्याचा आवाज आला. तू फळ्याशी जाऊन बसला होतास. मला वाटलं, मी तुला वाचवलं. खरं सांगतो, त्या रात्री मी चांगला झोपलो.

लोणकढी थाप होती, दोन दिवसांत विरघळायला हवी होती. पण तू पडलास मोजणीदार. तुला एक पक्की खूण हवीच होती, कुठूनही दिसेल अशी, जिच्यावरून बाकी सगळं मांडता येईल, आणि ती मी तुला आयती दिली. पुढच्या रविवारपासून तुझा एकच प्रश्न: पाणचक्कीपाशी उभा आहेस ना, मग दीपस्तंभ किती अंशावर? पुलावर आलास, आता किती? आता मी काय करणार? सहज काहीतरी ठोकून दिलं असतं तर तू दुसऱ्याच आकड्याला पकडलं असतंस. म्हणून मी चौकटींच्या कागदावर दरी काढली, धुक्यात एक जागा ठरवून तिथे माझा दीपस्तंभ उभा केला, मुलांच्या कंपासपेटीतला कोनमापक विकत आणला आणि रविवारच्या आधी बसून प्रत्येक जागेवरून त्याचा कोन काढायला लागलो. शाळेत भूमितीच्या तासाला मी खिडकीतून उडी मारून पळायचो, तू साक्षीदार आहेस. तो मी पंचेचाळिसाव्या वर्षी खोटं बोलण्यासाठी भूमिती शिकलो. वही भरली. आणि आडात उतरलोच आहोत तर म्हणून तिथे आणखी काय काय उगवलं: पलीकडच्या काठावरचा लाकडी धक्का, मेंढ्या, जोड टेकडी. तू खूश व्हायचास. तू खूश झालास की मी आणखी एक टेकडी द्यायचो.

तू दीपस्तंभापर्यंत चालत जा म्हणालास आणि माझी गाळण उडाली. पहिल्या रविवारी सांगितलं वीज नाही. दुसऱ्या रविवारी लिफ्टचं तातडीचं काम निघालं. तू म्हणालास, काम आधी, आणि मी ओशाळलो. मग मला वाटलं, कार्ड खरंच घेऊन टाकावं. पाहून घ्यावं काय आहे ते, आणि गुपचूप सगळं सावरावं. गेल्या गुरुवारी डबा चादरीत गुंडाळून त्या संगणकवाल्या बाईंच्या दुकानात नेला. त्यांनी बाजूचं झाकण काढलं, आतली धूळ बघितली आणि माझ्याकडे असं बघितलं जसं डॉक्टरीणबाई उशिरा आणलेल्या पेशंटच्या नातेवाइकांकडे बघतात. म्हणाल्या, कार्ड घ्याल तर वीजपुरवठ्याचा डबा बदलावा लागेल, मोठं कार्ड घ्याल तर हे कॅबिनेट लहान पडेल, आणि एवढं करून तुमचा प्रोसेसर मागून धापा टाकतच येणार. नाकापेक्षा मोती जड होईल. नवाच का घेत नाही? मला घरातल्या म्हाताऱ्या माणसाबद्दल कोणी बोलल्यासारखा राग आला. मी म्हणालो, हा मित्राने मोजून बसवलाय. त्या आतून एक वापरलेलं मधलं कार्ड घेऊन आल्या, म्हणाल्या, हे मावेल आणि चालेलही, बघा लावून.

झाकण उघडंच ठेवून त्यांनी ते बसवलं. स्टूल दिलं, चहा दिला. गेम सुरू झाला आणि मी जिथे सव्वा वर्ष राहिलो तिथे पहिल्यांदाच आलो. गवत हलत होतं रे. पाण्यात ढग होते. मी पळत सुटलो, पूल, पाणचक्की, चढण, आणि उत्तरेच्या काठावर जाऊन थांबलो. धुकं नाही. अडखळणं नाही. पलीकडे काळ्या खडकांची एक बुटकी ओळ, त्यावर पांढरे पक्षी, आणि तीनशे अठ्ठेचाळीस अंशावर नुसतं पाणी. धक्का नाही, मेंढ्या नाहीत. जोड टेकडीच्या जागी एकच, तीही बरीच उजवीकडे. मी बाईंना विचारलं, इथे दीपस्तंभ आहे ना? त्या म्हणाल्या, हा गेम मी दोनदा संपवलाय, दीपस्तंभ कुठेच नाही. मी पुन्हा पडद्याकडे बघितलं. ते इतकं सुंदर होतं की माझ्या मनात पहिलं हेच आलं, तुला सांगायला हवं. आणि मग कळलं की सांगता येणार नाही. तुला मी याहून सुंदर आधीच सांगून ठेवलंय.

घरी आलो तर बायको वही उघडून बसलेली. पानं भरून आकडे बघून तिला आधी वाटलं होतं मी जुगार खेळायला लागलो. मग तिने मला समोर बसवलं आणि सगळं काढून घेतलं. मला वाटलं, ती म्हणेल, जाऊ दे, मित्रासाठीच केलंस ना. मी तिला माझी नवीन युक्तीही सांगितली, चांगली तयार होती: गेमवाल्यांनी सुधारित आवृत्ती काढली, तिच्यात दीपस्तंभ गेला, टेकडी सरकली, बाबा आता फळा बदलून घे. तुझा विश्वास बसला असता. गेमवाले असे उद्योग करतातच. तिने वही मिटली आणि म्हणाली, त्याला दिसत असतं तर तुझी हिंमत झाली असती का? एवढंच. आणि भाजी चिरायला गेली. मी तिच्यावर चिडलो. दोन दिवस चिडलेला होतो, म्हणजे तिचं बरोबर होतं हे तुझ्या लक्षात येईल.

तरीसुद्धा गेल्या रविवारी मी तीच थाप जिभेवर घेऊन फोनपाशी बसलो होतो, आणि म्हणूनच हे पत्र लिहितोय. चार वाजता तुझा फोन आला. मी तोंड उघडलं, पण तू आधी बोललास. वीस तारखेची तुला धाकधूक होती, म्हणून असेल, एरवी तू असलं बोलत नाहीस. म्हणालास, भिंगरी, मी पक्की खूण म्हणून दीपस्तंभच का धरला, सांगू? बाकी सगळं तुझ्याकडून उपसून काढावं लागतं. उंची मी विचारायची, बाजू मी विचारायची. तो एकच तू न विचारता रंगासकट सांगितलास. म्हटलं, याला हा इतका स्वच्छ दिसलाय, बाकी सगळं चुकलं तरी हा चुकणार नाही. मी म्हणालो, माझ्या अंगात कणकण आहे, आणि फोन ठेवला. कणकण नव्हती. फोनवर तू "बोल" म्हणालास की माझ्या तोंडातून आपोआप काहीतरी छान बाहेर पडतं, म्हणून कागदावर सांगतोय: दीपस्तंभ मी रचला. तू गप्प बसला होतास ते मला सहन झालं नाही म्हणून रचला, आणि नंतर तू मला सोडून जाशील या भीतीने सांभाळला. वही सोबत आहे. जिथे मी स्वतः चालत गेलो त्या एकोणीस जागांना निळी खूण केली आहे, रचलेल्या बारांना लाल, आणि दुकानात जे पाहिलं ते मागच्या पानावर लिहिलंय. खोट्या खुणेवरून मांडलेलं किती खरं उरतं ते तुलाच कळेल, मला कळत नाही. आज दहा तारीख आहे. माझ्यावर विश्वास नको ठेवूस, शाळेतल्या कोणाला तरी बसवून प्रत्येक टाचणी तपासून घे, पण वीसच्या आत घे. दुकानातल्या बाईंनी ते कार्ड शुक्रवारपर्यंत माझ्यासाठी बाजूला ठेवलंय. तुझा फोन आला तर घेईन, रजा टाकेन, आणि वीस तारखेपर्यंत तू म्हणशील तिथे जाऊन बोटं धरून मोजेन, आणि जे नाही ते नाही म्हणेन. नाही आला तर कार्ड घेणार नाही. एकट्याने बघायला मला ती दरी नको.

तुझाच,
भिंगरी